उजव्या बाजूच्या दिव्याची काच

बाई, ती काच पोर्तुगीजांची नव्हती. चर्चच्या खिडकीची तर नव्हतीच नव्हती. ती मासेमारीच्या एका बोटीवरच्या दिव्याची होती, उजव्या बाजूच्या दिव्याची, आणि हे माझ्या आत्याने तुम्हांला देवळाच्या पारावर, सगळ्या कोळीवाड्यासमक्ष, अगदी सोप्या शब्दांत सांगितले होते. तुम्ही हसलात. तुम्हांला जाऊन आता अकरा वर्षे झाली. गेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये असे आमच्याकडे मानतात, तुमच्याकडेही मानत असतील. तरी मला बोलायचे आहे. तुम्ही होतात तेव्हा तुमच्यासमोर मान वर करून एक अख्खे वाक्य मी कधी बोलले नाही. तुम्ही त्याला नम्रपणा म्हणत होतात आणि प्रगतिपुस्तकात तसे लिहीतही होतात. तो नम्रपणा नव्हता. मला तुमची भीती वाटत असे.

काच कशी मिळाली ते तुम्हांला माहीत होते, कारण त्यावरचा निबंध तुम्ही माझ्याकडून चार वेळा लिहून घेतलात, आणि प्रत्येक वेळी त्यातून माझे बाबा थोडे थोडे कमी होत गेले. पहिल्या खर्ड्यात बाबा होते, त्यांची डोल होती, खाडीच्या तोंडाशी ओहोटीच्या ओढीला खुंटांना बांधलेल्या त्या लांबलचक पिशवीसारख्या जाळ्यात जवळा आणि चिखल यांच्याबरोबर काहीतरी जड आले म्हणून त्यांनी घातलेली शिवी होती. शिवी तुम्ही पहिल्यांदा काढलीत, ते योग्यच होते. मग जवळा काढलात. मग डोल काढलीत, ‘जाळे’ लिहायला लावलेत. चौथ्या खर्ड्यात ‘समुद्राच्या उदरातून’ एवढेच उरले आणि बाबांच्या जागी ‘एक मच्छीमार’ आला. म्हणून मी ते पुन्हा लिहिते आहे. मी सातवीत होते. दिवाळीची सुट्टी नुकतीच संपली होती. बाबा सकाळी किनाऱ्याला लागले आणि बोंबलांच्या पाटीतून त्यांनी ती काच काढून माझ्या हातात दिली. “घे. तुला असलं काय काय आवडतं.” तळहातापेक्षा थोडी मोठी, अंगठ्याइतकी जाड, मडक्याच्या खापरासारखा बाक असलेली, आणि बाहेरच्या अंगाला पायऱ्यांसारख्या आडव्या पट्ट्या. आकाशाकडे धरली की नीळ घातलेल्या पाण्यासारखी दिसे. मी तोवर पाहिलेली ती सगळ्यांत सुंदर वस्तू होती आणि ती दाखवण्यासारखे माझ्या आयुष्यात एकच माणूस होते, तुम्ही.

तुम्ही ती दोन्ही हातांत घेतलीत. आतले बुडबुडे दाखवलेत, म्हणालात, हे जुन्या ओतकामाचे लक्षण. आडव्या पट्ट्या पाहिल्यात, म्हणालात, ही नक्षी. जाडी पाहिलीत, रंग पाहिलात आणि रेवदंड्याच्या कोटातल्या पडक्या चर्चचे वर्णन करू लागलात, जणू त्या खिडकीत बसून तुम्ही प्रार्थना ऐकली होती. तुमचे डोळे चमकत होते. मला वाटले, माझ्यामुळे चमकत आहेत. त्याच आठवड्यात तुम्ही अलिबागच्या जिल्हा प्रदर्शनासाठी शाळेचे नाव पाठवलेत आणि पुठ्ठ्याच्या कार्डावर तुमच्या त्या सुंदर, किंचित उजवीकडे झुकलेल्या अक्षरांत लिहिलेत: ‘पोर्तुगीजकालीन रंगीत काच, चर्चच्या खिडकीची.’ खाली शोधक म्हणून माझे नाव. बाबांचे नाही.

आता आत्याविषयी. तुम्ही तिला ओळखत होतात असे तुम्हांला वाटत होते. शाळेच्या स्नेहसंमेलनाला ती मला न्यायला आली तेव्हा तिच्या डाव्या हातातल्या हिरव्या बांगड्या आणि उजवा मोकळा हात पाहून तुम्ही विचारलेत, “हे काय, एका हाताच्या फुटल्या वाटतं?” आत्या म्हणाली, “फुटतील कशाला? समिंदराला दिल्या.” तुम्हांला ते गमतीचे वाटले. आमच्याकडे लग्नात उजव्या हाताच्या बांगड्या समुद्राला देतात, त्याने नवऱ्याला सांभाळावे म्हणून. वीस वर्षे कोळीवाड्याच्या शाळेत शिकवूनही तुम्हांला हे माहीत नव्हते, आणि माहीत नसण्याची लाजही वाटली नाही. आत्या तेव्हा पुढे आणखी काही म्हणाली, ते तुम्ही ऐकलेच नाही, कारण तुम्ही पाठ फिरवली होती: “दिल्या त्या दिल्या, वर नवरा बी ठेवून घेतलान मेल्यानं.”

कारण तिचा नवरा काच सापडण्याच्या सात वर्षे आधी, नारळी पुनवेनंतर आलेल्या वादळात बोटीसकट गेला होता. त्याच्यासोबतचे दोघेही गेले. फळी सापडली नाही, जाळे सापडले नाही, कोणाचे शरीर सापडले नाही. त्या दोघांच्या घरच्यांनी वर्षभराने जे करायचे ते केले. आत्याच्या सासूने केले नाही. तिला कोणीतरी सांगितले होते की त्या दिवसांत वर गुजरातच्या बाजूला काही बोटी पाकिस्तानने धरून नेल्या. तेव्हापासून तिचा मुलगा कराचीच्या तुरुंगात होता. ती त्याच्यासाठी दर दिवाळीला शर्टाचे कापड घेऊन ठेवत असे. नवरा जिवंत, म्हणून आत्या सवाशीण. नवरा घरी नाही, म्हणून सासरी तिचे काम नाही. ती आमच्याकडे येऊन राहिली. बाजारात मासळी विकायला बसे, संध्याकाळी आमच्या चुलीशी बसे. पस्तीस-छत्तीस वर्षांची होती. आमच्या जातीत बाईचा दुसरा पाट लागतो, त्यात कमीपणा मानत नाहीत, आणि रेवदंड्याच्या बाजूचा सुक्या मासळीचा धंदा करणारा एक विधुर तिच्यासाठी दोनदा विचारून गेला होता. आत्याला तो पसंत होता. तो आला की ती पदर सारखा करायची आणि मग आम्हांला उगाच ओरडायची. फक्त पहिला नवरा मेला असे पंचांनी मानायला हवे होते. सरकारी कागदात काय लिहिले आहे यापेक्षा आमच्याकडे पंच काय म्हणतात याला वजन होते, आणि पंच म्हणत, काहीतरी खूण दाखवा.

ती खूण बाबांच्या डोलीत आली होती, बाई. खाडीच्या तोंडाशी, खडपाच्या खडकांपलीकडे, कराचीपासून कितीतरी लांब.

आत्याने ती काच पहिल्यांदा पाहिली ती आमच्या स्वयंपाकघरात. तुम्हांला काच दाखवून मी ती घरी परत आणली त्या दिवशी. तिन्हीसांजेला वीज गेली होती. चुलीजवळ रॉकेलची चिमणी पेटवून आत्या बोंबील निवडत होती. मी चार हातांवर भिंतीला टेकून, दुसऱ्या चिमणीशी, तुम्ही दिलेले पुस्तक वाचत होते. तिने ओट्यावरची काच उचलली, चिमणीपुढे धरली आणि खालच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला.

“ए, इकडं बग.”

“काय?”

“हा आमचा दिवा.”

मी पान उलटले.

“अगं, बग तरी. आमच्या बोटीचा हिरवा दिवा, उजव्या अंगाचा. सासऱ्याच्या जुन्या गलबतावरचा. रोज सांजंला मी राखेनं याची काजळी काढायची. खाली कोपऱ्यात चीर हाय बग, चांदणीसारकी. माझ्या हातनं पडला व्हता. मामंजी तीन दिवस बोललं न्हाईत माझ्याशी.”

“आत्या, ती काच निळी आहे,” मी म्हणाले. पुस्तकातून मान वर न काढता म्हणाले. ‘व्हय’ आणि ‘न्हाय’ माझ्या तोंडून तुम्ही काढून टाकले होते. त्या वर्षी मी घरातही तुमच्यासारखीच बोलत होते आणि घरातली माणसे माझ्याशी बोलताना थोडी चाचरत असत. ते मला आवडत असे.

आत्याने बाबांना सांगितले, बाबांनी पंचांना. पंचांतले जे सर्वांत म्हातारे होते ते म्हणाले, काच शाळेतल्या बाईंनी बघितली आहे म्हणतात, मग त्यांनाच बोलवा, त्या शिकलेल्या आहेत. रविवारी सकाळी तुम्ही आलात. करड्या रंगाची कडक इस्त्रीची साडी, खांद्याला पर्स. तुम्ही पारावर बसला नाहीत, तुमच्यासाठी देवळातली खुर्ची आणली. मला तुम्ही जवळ उभे केलेत. समोर पंच, बाबा, आत्या, आत्याची सासू, आणि बाकी निम्मा कोळीवाडा. विधुर आला होता. तो मागे नारळाच्या झाडाशी उभा होता. तुम्ही येण्यापूर्वी त्या सर्वांना माहीत होते की तिथे काय ठरणार आहे. तुम्हांलाही माहीत होते, कारण बाबांनी शाळेत येऊन, टोपी हातात धरून, तुम्हांला सगळे सांगितले होते. माहीत नव्हते असे तुम्हांला म्हणता येणार नाही.

तुम्ही काच उन्हात धरलीत.

“जहाजाला डाव्या बाजूला लाल दिवा असतो आणि उजव्या बाजूला हिरवा,” तुम्ही म्हणालात. “हे मी मुलांना शिकवते. निळा दिवा कोणत्याच बोटीला नसतो. ही काच निळी आहे. तेव्हा ही दिव्याची काच असणे शक्य नाही.”

“हिरवी हाय ती,” आत्या म्हणाली.

“अहो, हिरवं आणि निळं कळत नाही, आणि काचेची पारख कसली करता?”

माणसे हसली. आत्याची सासूही हसली, मोकळे, कित्येक वर्षांनंतर हसावे तशी.

“बाई,” आत्या म्हणाली, “तुमी ती पेटल्याली बगितलीव काय?”

“काच पेटत नाही, बाई.”

मग तर सगळे खूपच हसले. आत्याने कोपऱ्यातली चीर दाखवली, ती कशी पडली ते सांगितले. तुम्ही म्हणालात, समुद्रातून आलेल्या काचेला चिरा असणारच, आणि मग माझ्या खांद्यावर हात ठेवलात. “ही माझ्या वर्गातली पहिली आलेली मुलगी. तुमच्याच घरातली. तिला विचारू. सांग गं, कोणता रंग?”

“निळा.”

“मोठ्याने.”

“निळा, बाई.”

तेवढ्यावर संपले. पंच म्हणाले, खूण पटत नाही, वाट बघावी. तुम्ही शाळेच्या कागदावर चार ओळी लिहून दिल्यात आणि त्याखाली सही केलीत, कोणी मागितली नव्हती तरी. विधुर शिमग्यापर्यंत थांबला. त्यानंतर त्याने थळच्या बाजूची बायको केली, चांगली बाई आहे म्हणतात. प्रदर्शनात काचेला दुसरा क्रमांक मिळाला. बक्षीस म्हणून तुम्ही मला तुमच्या संग्रहातला मराठी शब्दकोश दिलात, पहिल्या पानावर लिहून: ‘शब्द अचूक वापर.’ मी तो छातीशी धरून घरी आले. आत्याने दारातच विचारले, “काय मिळालं?” आणि मी सांगितल्यावर म्हणाली, “बरं झालं. जेव आता.” मला तिचा तो शांतपणा तेव्हा अडाणीपणा वाटला.

मी दहावीत असताना तुम्ही गेलात. पोटाचे दुखणे होते, तुम्ही कोणाला सांगितले नव्हते. शोकसभेत भाषण मी केले. मुख्याध्यापकांनी मलाच सांगितले, कारण तुमची भाषा माझ्याइतकी कोणाला येत नव्हती. मी म्हणाले की तुम्ही आम्हांला डोळे दिलेत. टाळ्या शोकसभेत वाजवत नाहीत, पण दोन-तीन शिक्षिका रडल्या. आता ते वाक्य आठवले की माझ्या अंगावर काटा येतो. कोणाचे डोळे, बाई? नवरा होता तोवर रोज संध्याकाळी किनाऱ्यावर उभी राहून अंधारात येणाऱ्या बोटींमधून आपल्या घरची बोट उजव्या दिव्यावरून ओळखणारी बाई तुमच्यासमोर उभी होती आणि तुम्ही तिला रंग शिकवलेत.

मला कसे कळले ते सांगते, म्हणजे तुम्हांला वाटणार नाही की मी भावनेच्या भरात बोलते आहे. भावनेच्या भरात लिहिलेल्या उत्तराला तुम्ही अर्धा गुण कापत होतात. गेल्या वर्षी शाळेचे जुने दालन पाडले. प्रदर्शनानंतर तुम्ही ती काच ज्यात ठेवली होती ते कपाट भंगारात जाणार होते. नव्या मुख्याध्यापकांनी कार्डावरचे नाव वाचून मला फोन केला, तुमची वस्तू घेऊन जा म्हणाले. मी आता म्हसळ्याला महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते, मराठीच. काच मी टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवली. काचेसोबत आणलेले चुकीचे कार्ड मी जपून ठेवले होते; ते चुकीचे आहे हे मला तेव्हा माहीत नव्हते, आणि खरे सांगायचे तर मला ते अजून आवडत होते. एके दिवशी आमच्या ग्रंथालयातल्या मॅडम हजेरीपत्रक घ्यायला आल्या आणि काच बघून थांबल्या.

“अगं, ही इथे कशी? आमच्या अब्बांकडे अशीच एक आहे. लाल.”

त्यांचे वडील जहाजावर सारंग होते, खलाशांचे मुकादम. आयुष्यभर समुद्रावर राहून आता म्हसळ्याच्या घरात बसून कंटाळले आहेत. रविवारी मी गेले. त्यांनी काच डोळ्यांजवळ न नेता आधी बोटांनी तपासली, बाहेरच्या पायऱ्या अंगठ्याने मोजल्यासारख्या केल्या, बाक तळहातावर बसवून पाहिला.

“ही नक्षी नाही, बेटी. या पट्ट्यांनी उजेड आडवा पसरतो. वर आभाळात फुकट जात नाही. स्टारबोर्डची काच ही. उजवी.”

मी म्हणाले, “पण ती निळी आहे.” चौदा वर्षांनी, तेच वाक्य, त्याच आवाजात.

म्हातारे हसले, पण तुमच्यासारखे नाही. “तुला कोणी सांगितलं निळी?”

“बाईंनी.”

“बाई जहाजावर होत्या?”

त्यांनी माळ्यावरून आपला दिवा काढून आणायला लावला. पितळेचा, कोपऱ्यात बसवतात तसा तिकोनी, पुढे लाल काच. मुलीला कोठीच्या खोलीची खिडकी लावायला सांगितली. दुपारचे तीन वाजले असतील. दाराच्या फटीतून उन्हाची एक रेघ आत येत होती, तिच्यावर त्यांनी गोणपाट टाकले. रॉकेल आता मिळत नाही, ते त्यांनी एका बाटलीत औषधासारखे जपून ठेवले आहे. वात पेटली. लाल काच लाल दिसली. मग त्यांनी ती सरकवून काढली आणि म्हणाले, “आता तुझी लाव.”

मी ज्योतीपुढे काच धरली. ती हिरवी होती. निळसर हिरवी वगैरे नाही. भाताच्या रोपासारखी, स्वच्छ, कोणालाही शंका येऊ नये अशी हिरवी. मी काच बाजूला केली, पुन्हा धरली. पुन्हा हिरवी.

“रॉकेलची ज्योत पिवळी असते,” ते म्हणाले. “तिच्यापुढे दिसायला हिरवी काच लावलीस, तर लांबून दिवा पिवळट दिसेल. समोरचा समजेल साधा कंदील आहे, आणि अंगावर येईल. म्हणून काच निळी ओतायचे. पिवळ्यात निळा मिळाला की हिरवा. दिवसा निळी, पेटली की हिरवी. जी पेटलेली बघेल ती हिरवी म्हणेल, जी उन्हात बघेल ती निळी म्हणेल. दोघी खऱ्या.”

दोघी खऱ्या. त्यांचे मन मोठे आहे. माझे नाही. तुम्ही खऱ्या नव्हतात, बाई. एका बाईने तुम्हांला विचारले होते की तुम्ही ती पेटलेली पाहिली आहे का. त्या पारावर त्या दिवशी विचारला गेलेला तो एकच शास्त्रीय प्रश्न होता. देवळात समई होती, वीस पावलांवर. काडेपेटी बाबांच्या खिशात होती. तुम्हांला तो प्रयोग करून पाहायला किती वेळ लागला असता? तुम्ही आम्हांला सातवीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून निरीक्षण, अनुमान, प्रयोग असे शब्द पाठ करायला लावलेत, आणि जिथे एका बाईचे उरलेले आयुष्य त्यावर टांगले होते तिथे तुम्ही कोटी केलीत. आणि ती केलीत कारण अलिबागला नाव पाठवून झाले होते. मला हे सिद्ध करता येणार नाही. पण मला ते माहीत आहे, कारण मीही तुमच्या शेजारी उभी राहून त्याच प्रदर्शनाचा विचार करत होते.

मी तुमचा चांगुलपणा आठवण्याचा प्रयत्न केला. पुस्तके दिलीत. चष्म्यासाठी तुम्ही स्वतः मला अलिबागला घेऊन गेलात. परतीच्या एसटीत मला खिडकीची जागा दिलीत आणि डबा उघडून अर्धी पोळी दिलीत. हे सगळे खरे आहे आणि त्याने माझा राग कमी होत नाही. उलट वाढतो, कारण त्यामुळेच मी तुमच्या बाजूला उभी राहिले. तुम्ही मला माझ्या घरातून काढून घेतलेत, एकेक शब्द सुधारत, आणि मग त्याच घराविरुद्ध साक्षीला उभे केलेत. ज्या भाषेत मी आज तुम्हांला दोष देते आहे ती तुमची आहे. आत्याच्या बोलीत मला धड रागावताही येत नाही.

गणपतीच्या सुट्टीत मी घरी गेले. आत्या आता पन्नाशीची आहे, गुडघे दुखतात, तरी बाजारात बसते. तिची सासू तीन वर्षांपूर्वी गेली, शर्टाची कापडे ट्रंकेत तशीच आहेत. मी दुपारी दार लावून घेतले, चिमणीत सारंगांनी दिलेले थोडे रॉकेल घातले आणि तिच्यासमोर काच धरली.

“हिरवी,” मी म्हणाले.

आत्याने काचेकडे पाहिले, मग माझ्याकडे. “मग? मी काय बोललेली?”

मी तिला सारंगांचे सगळे सांगितले. पिवळी ज्योत, निळी काच, आडव्या पट्ट्या. ती मान हलवत ऐकत होती, जशी लहान मुलाचा पाठ केलेला धडा ऐकतात.

“आता सांगतंस व्हय गं मला? जा, त्या रेवदंडेवाल्याला उठवून आण. त्याला सांग, नातवंडं ठेव खाली, काच हिरवी निघाली.”

आणि ती हसायला लागली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मी रडत होते. मी तुम्हांला नको नको ते बोलले, तिच्यादेखत. तिने मला थांबवले.

“बाईचा कसला राग धरतंस? ती परकी. तिला काय ठाव व्हतं माझं? मी तिच्याकडं बगतच नव्हते. मी तुझ्या तोंडाकडं बगत व्हते.”

एवढे बोलून तिने चिमणी फुंकली, रॉकेल वाया जाऊ नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी ती बाबांना म्हणाली, भटजींना बोलवा. भटजींनी तिथी विचारली. तिने वादळाची तिथी सांगितली, एकवीस वर्षांपूर्वीची, न अडखळता. भरती ओसरल्यावर वाळूत शरीराच्या जागी दर्भाचा पुतळा केला आणि बाबांनी अग्नी दिला. पंचांपैकी एकच जिवंत आहेत, ते काठी टेकत आले आणि बाबांच्या शेजारी उभे राहिले. वारा होता, दर्भ लवकर पेटत नव्हता. आत्या पुढे झाली, पदराचा आडोसा धरला आणि बाबांना म्हणाली, “घाई करू नको. एकवीस वर्सं थांबलाय, अजून घडीभर थांबंल.” जळून झाल्यावर ती पाण्यात गुडघ्यापर्यंत गेली, मोठ्याने रडली आणि परत येऊन सगळ्यांना चहा टाकला.

त्यानंतर मी हे पत्र लिहायला घेतले. तुम्हांला गुन्हेगार ठरवायचे आणि मग ते कुठेतरी ठेवून द्यायचे, असे ठरवले होते. तुमच्या वर्गात शिकले तसे मुद्दे काढले, क्रम लावला, पुरावे दिले. पण एक गोष्ट मी वगळली, आणि आता पत्र वाचून पाहताना ती जिथे असायला हवी होती ती जागा मला दिसते आहे.

बाबांनी माझ्या हातात काच दिली तेव्हा ती स्वच्छ नव्हती. तिच्या दोन बाजूंना हिरवट गंज चढलेली पितळेची पट्टी होती, बोटभर रुंद, घट्ट बसलेली, आणि तिला स्क्रूची दोन भोके होती. कोणीही पाहिली असती तरी म्हटले असते, ही कशातली तरी बसवलेली काच आहे. मला ती कुरूप वाटली. दुपारी घरात कोणी नसताना मी विळीच्या टोकाने ती उचकटून काढली, काच चिंचेने आणि राखेने घासली आणि पट्टी खाडीत फेकून दिली. जुनी वस्तू सापडली तर पुसायचीसुद्धा नाही, जशी असेल तशी आणायची, हे तुम्ही आम्हांला वर्गात दोनदा सांगितले होते. आणि दुसऱ्या दिवशी काच हातात घेतल्यावर, पोर्तुगीज हा शब्द उच्चारण्याच्या आधी, तुम्ही मला विचारले होते: “मिळाली तेव्हा अशीच होती का? हिला काही चिकटलेलं नव्हतं ना?”

मी म्हणाले, “अशीच होती, बाई.”

तुम्ही माझा शब्द खरा मानलात. आत्याला मी हे अजून सांगितलेले नाही.